डाव्या पायाशी पाणी

९ जुलै १९८६, बुधवार
गाडीत पुन्हा पाणी. डाव्या बाजूला, माझ्या सीटपुढे, बोटभर. ह्यांची बाजू कोरडी.
फडकं पिळून पिळून अर्धी बादली भरली. गालिचा व्हरांड्यातल्या दोरीवर टाकलाय. कुबट वास. फेब्रुवारीत हे गेले तेव्हा गाडीला त्यांचाच वास होता, कोळशाचा आणि साबणाचा मिळून एक. आता तोही...
पुण्याहून मुकुंदचं पत्र. ३१ तारखेला स्टील प्लँटचं क्वार्टर सोडायचं. वैशाली नगरच्या आपल्या घराला शेड नाही. उघड्यावर गाडी सडेल, आताच विकून टाक म्हणतो. "चालवणार कोण, आई?" खरं आहे लेकाचं. ह्यांनी चार धडे दिले होते, तेवढेच. २७ला, रविवारी, एक ग्राहक पाठवतोय.
गळती थांबली तर गाडी ठेवायची. मनातच ठरवलं. त्याला कळवलं नाही.

१३ जुलै, रवि.
रामाधीन मिस्त्री कुरुदहून सायकलवर आला. ह्यांचा जुना माणूस. पुढच्या काचेचं रबर दाबून पाहिलं, इथूनच येतं म्हणाला. काळी पेस्ट भरली. ह्यांच्या सीटवर तो बसला नाही. दाराशी उभा राहूनच सगळं केलं.

१५ जुलै, मंगळ.
पहाटेपासून पाऊस. पाणी तेवढंच. म्हणजे रबर नव्हे.
आत बसून राहिले. सासूबाई दारातून, "कावून वो, तिथं बसून काय करून राहिली?"
"पाणी कुठून येतं ते बघते, आई."
"पाऊस थांबला न आता. कुठून दिसन?"
खरंच की.

२० जुलै, रवि.
रामाधीनने युक्ती सांगून ठेवली होती. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी टाकायचं. खालून वर, एका वेळी एकच जागा. दुसरं माणूस कुठून आणू? सासूबाईच उठल्या. सत्तरी उलटलेली, पदर खोचलेला, हातात बागेची झारी.
दारांच्या फटी. कोरडं. काच. कोरडं.
"पोराची गाडी न्हाऊ घालून राहिली मी," बाहेरून आवाज. "लहानपणी आंघोळीले लय रडे तो."
मग बराच वेळ पाणी पडेना. काचेतून पाहिलं. झारी धरून नुसत्या उभ्या होत्या.
शेवटी पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीवर टाकलं. पहिल्या झारीला काही नाही. दुसरीला नाही. तिसरीला डॅशबोर्डमागून एक थेंब, मग धारच लागली. माझ्या डाव्या पायावर.
"सापडलं, आई."
"मंग रडून कावून राहिली?"

२२ जुलै, मंगळ.
रामाधीनने जाळी काढली. खाली एक डबा असतो, पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि नळीने रस्त्यावर पडतं. पडायला हवं. नळीचं तोंड बुजवलेलं. करडा लेप, सिमेंट कालवून दगडासारखा झालेला.
लेप मी ओळखला. कोक ओव्हनचा. भट्टीच्या दारातून गॅस निसटू नये म्हणून फटींना लावतात तो. ह्यांची सारी नोकरी त्या फटी बुजवण्यात गेली.
जानेवारीत मी म्हटलं होतं, जाळीतून कोळशाची धूळ येते, खोकला लागतो. एवढंच बोलले होते. धूळ नळीतून चढते असं धरून त्यांनी तीच बुजवली असणार. पुढचा पाऊस बघायला ते राहिले नाहीत.
"साहब ह तो पानी के रद्दाच ला मूंद दिस, बाई," रामाधीन. पाण्याची वाटच बंद केली साहेबांनी.
सासूबाई म्हणाल्या, "त्याले फट दिसली का बुजवल्याबिगर जमेच नाही. छातीतलं दुखणंबी तसंच..." मग आत निघून गेल्या.
लेपावर अंगठ्याचा ठसा आहे. रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट.
रामाधीनने छिन्नी काढली. मी म्हटलं, आज नको.

२४ जुलै, गुरु.
पाऊस. पुन्हा अर्धी बादली. गालिच्याखालचा पत्रा एका जागी खवल्यांसारखा सुटलाय. ठसा ठेवला तर गाडी जाते. गाडी ठेवायची तर

२५ जुलै, शुक्र.
काढला.
रामाधीनने छिन्नी माझ्याच हातात दिली. "आप मन निकालव, बाई. मोर हाथ नइ चलय." त्याचा हात चालेना.
कडेकडेने ठोकत गेले, अख्खा निघावा म्हणून. तीन तुकडे झाले. ठसा दोन तुकड्यांत वाटला गेला.
वरून झारीभर ओतलं. चाकाजवळ सरळ धार पडली. आत टिपूस नाही. आनंद व्हायला हवा होता.

२७ जुलै, रवि.
दुर्गहून ग्राहक आले, बायकोला घेऊन. भली माणसं. ती डाव्या सीटवर बसली, पाय तिथेच ठेवले. कोरडं.
त्यांनी विचारलं, "अंदर पानी-वानी तो नहीं आता?"
मी तोंड उघडायच्या आत व्हरांड्यातून सासूबाई, "आता है न. बहुत आता है."
मी खरं सांगायला हवं होतं. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले ते.
नंतर म्हटलं, "आई, खोटं कशाला?"
"खोटं कायचं? महिनाभर फडके तूच पिळून राहिली न?"

३ ऑगस्ट, रवि. वैशाली नगर
गाडी रामाधीनने आणून फाटकाच्या आत लावली, तोंड घराकडे, उघड्यावर. तीन दिवस झड. रोज सकाळी माझ्या सीटपुढे हात फिरवते. कोरडं.
मुकुंदला पत्र लिहायला घेतलं. 'गळती थांबली' इथवर आले आणि पेन ठेवलं. त्याला कळलं की तो ग्राहकाला कळवणार.
नळीतून आता धूळ येईल. येऊ दे.
तुकडे डबीत, डबी गाडीच्या खणात.
संध्याकाळी उघडीप होती. ह्यांच्या सीटवर बसले. पहिल्यांदाच एकटी. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. पाचवा धडा रिव्हर्सचा होता, तो राहिला.
आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. फाटक सताड उघडलं आणि कडेला उभ्या राहिल्या.
"जमन का तुले?"
"माहीत नाही, आई."
त्यांनी फाटक पुन्हा लोटून घेतलं नाही.