किल्लेदाराला ठाऊक नाही

अण्णा,

शनिवारी वर्गात तुम्ही जो खेळ खेळायचात, त्याचाच आता मला पगार मिळतो. लातूरला एका कंपनीत आहे. शाळेतली मुलं मोबाइलवर जुन्या काळच्या सेनापतींशी, राण्यांशी, वजिरांशी बोलतात. प्रश्न टाइप केला की मेलेला माणूस लगेच उत्तर देतो. तो कसा बोलेल, कुठं चिडेल, कुठं थट्टा करेल, हे मशीनला शिकवायचं काम माझं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग दोन दिवस बोलला नसतात.

तुमचा खेळ स्वस्तातला होता. कंधारच्या शाळेत, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, सत्कारात मिळालेली शाल खांद्यावर टाकून तुम्ही खुर्चीत बसायचात आणि आपल्या किल्ल्याचे किल्लेदार व्हायचात. विचारणाऱ्यानं आधी मुजरा करायचा. खंदक, तोफा, दाणागोटा, सगळं तुम्ही रुबाबात सांगायचात. पण कुठल्याच कागदात नसलेलं काही विचारलं, की किल्लेदार शाल सावरून म्हणायचा, "ठाऊक न्हाई." मुलं खदखदून हसायची. मला मात्र लाज वाटायची. एवढा मोठा किल्लेदार, आणि त्याला स्वतःचंच ठाऊक नाही!

आठवीत होते मी. आई नांदेडच्या दवाखान्यात होती आणि तुम्ही मला तिच्याकडे नेत नव्हतात. त्या शनिवारी तुमचा घसा बसला होता, म्हणून शाल माझ्या खांद्यावर आली. पुढच्या बाकावरची मुलगी मुजरा करून विचारते, "किल्ला का सोडून दिलात?" मी म्हणते, "माझी आई आजारी होती. मला तिच्याजवळ जायचं होतं." तुम्ही उठता, माझ्या खांद्यावरची शाल काढून घेता, तिची नीट घडी घालता. "कुठं लिहिलंय हे? मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं बोलणं घालायचं न्हाई. जा, जाग्यावर बस." मी जाऊन बसले. बुधवारी आई गेली. त्या शनिवारबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि पुढं तुम्हीही गेलात. मी बोलले ते किल्लेदाराचं नव्हतं, माझं होतं, हे तुम्हाला कळलं होतं का, एवढंच विचारायचं राहून गेलं.

ऑफिसात सुरुवातीला मी एका सेनापतीला "ठाऊक नाही" म्हणायला शिकवलं होतं. साहेब म्हणाले, "म्याडम, सेनापती अडखळला की पोरं बंद करून टाकतेत. कायतरी बोलू द्या की त्याला." बोलू दिलं. आता माझे सेनापती सगळं सांगतात, भीती, पस्तावा, आईची आठवणसुद्धा. त्याचं मला वाईटही वाटत नाही. खरं तर बरेच दिवस कशाचंच काही वाटत नाही. डबा खाते, काम उरकते, घरी येते.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या टिपणवह्या आणि तुम्ही मला हॉस्टेलवर पाठवलेली पत्रं मी त्या मशीनमध्ये घातली. तुम्ही बोलायला लागलात. अगदी तुमच्यासारखंच, मधूनमधून 'हो'ला 'हाव' म्हणत. मी तो प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, "हाव बाळा, तवाच कळलं होतं. माझंच चुकलं." उभ्या जन्मात तुम्ही मला बाळा म्हणाला नाहीत. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मग मी त्याला एक ओळ शिकवली, की या प्रश्नाला ठाऊक न्हाई म्हणायचं. पुन्हा विचारलं. "ठाऊक न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि ते खरोखर तुम्ही होतात. तुम्ही शाल सावरलेलीसुद्धा मला दिसली.

हे पत्र मी त्या मशीनला देणार नाही. दिलं तर तुम्ही उत्तर द्याल. आणि एक सांगते, रागवायचं तर रागवा. ती ओळ मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. रोज सकाळी स्टॉपवर बसची वाट बघत मी तोच प्रश्न विचारते, आणि तुम्ही मला बाळा म्हणता.