मागे चार चाकं असलेला ट्रक

२ सप्टेंबर
कॅम्पर आला! पिकअपच्या हौद्यात बसवायची अख्खी खोलीच – पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. पोहोचवायला आलेला माणूस माझा जुना पिकअप बघून म्हणाला, "याच्यावर चढवू नका हं." अंगणात उतरवून गेला. थंडीआधी अ‍ॅरिझोना गाठायचं तर मोठा ट्रक घ्यायलाच हवा.
लव्हॉन म्हणते, "आधी ट्रक नको होता का बघायला?" इतकी वर्षं संसार केला, पण कधी काय बोलावं ते बाईला कळत नाही.

९ सप्टेंबर
बॉइसी शहरात डार्विनच्या ट्रकच्या शोरूममध्ये गेलो. लाल ट्रक मनात भरला. लव्हॉनने दार उघडलं नि चष्मा लावून चौकटीवरचं लेबल वाचायला लागली – इन्स्पेक्टरच जशी! "माणसं नि सामान मिळून एवढंच चालेल म्हणतंय, वेन्डेल. आपला एकटा कॅम्पर याहून जड आहे."
डार्विन लगेच तिच्या बाजूने. "बरोबर बोलतायत बाई. माहितीपत्रकात रिकाम्या कॅम्परचं वजन असतं. वर पाणी, गॅस, कपडालत्ता धरा की."
मी म्हटलं, "आणि बायको घरी ठेवली तर?"
गडी हसला नाही. असा कसा ट्रक विकणार हा!

१२ सप्टेंबर
खडीच्या खाणीवरच्या वजनकाट्यावर जुना पिकअप घातला. आधी लव्हॉनसकट, मग तिला उतरवून. वजाबाकी मोठ्याने केली. तिथले ड्रायव्हर पोट धरून हसले. मी म्हटलं, "एवढ्यात पाण्याची दुसरी टाकी आली असती!"
घरी येईपर्यंत तिचे कान लाल. थट्टासुद्धा सोसत नाही.

१३ सप्टेंबर
जेवायला नुसते उकडलेले बटाटे. विचारलं, तर म्हणे, "वजन कमी करायचंय ना?"

१८ सप्टेंबर
भावाकडे, मर्लकडे, शोरूममधल्या त्या लाल ट्रकसारखाच ट्रक आहे. उसना आणला, कॅम्पर चढवला. मागची बाजू खाली बसली, बोनेट आभाळाकडे. घाटात वारा सुटला आणि वळणावर कॅम्पर एका अंगाला कलला – स्टिअरिंग हातात पोकळ, पुढची चाकं ऐकेनात! लव्हॉन दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "मागे दोन्हीकडे दोन-दोन चाकं हवीत."
हे मला आधीपासूनच माहीत होतं.

२३ सप्टेंबर
घेतला! एक टनी म्हणतात तो दणकट, डिझेल, मागे चार चाकं. मर्लला सांगितलं, निवड माझी.
डार्विन म्हणाला, "सगळं भरलंत तरी वजनाला जागा उरेल." लव्हॉनचा चेहरा खुलला. "मग हँकला नेऊ ना?" हँक म्हणजे तिचा कुत्रा. म्हातारा, बहिरा, अंगाला वास. न्यायला हरकत नव्हती. पण चारचौघांत विचारून मला अडकवायचं? म्हटलं, "बघू."

२६ सप्टेंबर
ती बहिणीकडे गेली होती. हँकला नव्या ट्रकमध्ये घातलं आणि डोंगरापलीकडे गुरं पाळणाऱ्या एका रँचवर देऊन आलो. वाटभर शेपटी हलवत होता, खुळा! रँचवाल्याने त्याला खांबाला बांधलं.
संध्याकाळी ती अंगणभर हाका मारत फिरली. बहिऱ्या कुत्र्याला! थोडा वेळ बघत बसलो, मग सांगितलं.
"जागा होती ना, वेन्डेल?"
"होती," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

१४ ऑक्टोबर, अ‍ॅरिझोना
ट्रक एक नंबर! चढावर दमत नाही, वाऱ्यात हलत नाही. वाळवंटात ऐसपैस जागा मिळाली. शेजारी मिनेसोटाचं जोडपं, ऑले आणि ब्रिट.
माझी पाठ धरली. म्हणून कॅम्पर त्याच्या चार लोखंडी पायांवर उभा करून खालून ट्रक काढायचं काम लव्हॉनला शिकवलं. दोन दिवसांत तरबेज. कुरकुर नाही, उलट उत्तर नाही. लागलं वळण एकदाचं.

१७ ऑक्टोबर
ऑलेबरोबर नदीवर मासे धरायला गेलो होतो. दुपारी परत आलो. कॅम्पर चार पायांवर उभा. खाली ट्रक नाही.
ब्रिट म्हणाली, "मी विचारलं तिला, सामान नाही का घेत? तर म्हणाली, जड तेवढं इथेच ठेवलंय."