भांडण्यापुरतं पाणी

मांय, तू सासू, म्हणून तू होतीस तोवर मी तुला 'तुम्ही' म्हटलं. ज्या वयात तू गेलीस, त्याच्या पुढे मी कधीच आले आहे आणि आता सासू म्हणून मला घरातले सगळे घाबरतात. तेव्हा इथून पुढे 'तू'. राग आला तर येऊन सांग. माझं अक्षर म्हणजे मुंगळे चाललेत असं तू म्हणायचीस. तुला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, ते सोड. बातमी अशी की यंदा आपण वरच्या वाड्यावरचे खालच्या वाड्याशी पाण्यावरून भांडलो. डोंगरातून येणाऱ्या व्हाळाच्या काठावर, पदर खोचून, तू भांडायचीस तसं. असतीस तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवली असतीस. कारण मधली कितीतरी वर्षं भांडायला पाणीच उरलं नव्हतं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा बांध घालायचा दिवस मला अजून दिसतो. पावसाचं भात कापून झालंय, व्हाळ ओसरलाय, दोन्ही वाड्यांची माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. पाणी अडलं की पाटाने शेतात जाणार आणि उन्हाळ्याचं दुसरं भात, वायंगण, उभं राहणार. कोणी खुंट ठोकतंय, कोणी पाला नि चिकणमाती आणतंय. मी नवी, कामाची आहे हे दाखवायची हौस. काठावरचे चांगले भक्कम दगड उचलून मी तळाला रचते. तू येतेस आणि सगळ्यांदेखत एकेक दगड काढून बाहेर फेकतेस. "बांध म्हणजे भिंत न्हय गो. फोडूक येवंक जाय." मी मनात म्हटलं, फोडायचाच तर घालता कशाला? मे महिन्यात वाड्यातली सगळ्यात मोठी म्हणून तू पहिली कुदळ मारलीस, बांध एका घावात फुटला आणि साठलेला सगळा गाळ घेऊन पाणी निघून गेलं. पावसाला व्हाळ मोकळा. तेव्हा मला कळलं, पण तुला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतंस.

मग वर डोंगरावर खाण आली. खोटं कशाला बोलू, त्या खाणीच्या ट्रकानेच आपल्या घराला काचेची जनेलं लावली, आणि तो ट्रक तुझाच मुलगा चालवायचा. तू गेलीस त्या वर्षी व्हाळाचं पाणी लाल झालं होतं. पुढे खाणीच्या ढिगांतली माती इतकी वाहून आली की व्हाळ शेताच्या बरोबरीला आला. शेतात तो चिखल सुकला की कौलासारखा कडक. वायंगण गेलं, बांध गेला. खाण बंद पडली, पण गाळ काही आपणहून डोंगरावर परत गेला नाही.

खालच्या वाड्यावरची ती, जिच्याशी तू जन्मभर पाण्यावरून भांडलीस, तिचा मुलगा एक दिवस आपल्या दारात. तोही आता म्हातारा. म्हणाला, "वयनी, व्हाळ उपसूया."

मी म्हटलं, "तुझ्या आवशीन माझ्या सासूक काय काय शिव्या घातल्या, विसरलंस?"

"म्हणान तर तुझ्याकडे आयलंय. भांडूक पाणी तरी होवंक जाय."

मी आत जाऊन माळ्यावरचं घमेलं काढलं. तुझंच, मांय.

मग आम्ही शेतकऱ्यांनीच दोन हिवाळे घमेल्या-घमेल्याने गाळ काढला. डोंगराला काजूच्या बागांत आडवे चर खणले, पावसाचं पाणी माती घेऊन धावत न सुटता तिथेच मुरावं म्हणून. काजूखालचा पाला जाळायचा नाही असं ठरलं. जो जाळी त्याच्या दारात जाऊन मी बोलायची, ते काम मला जमतं. मेली समजलेली पायथ्याची झर शिमगा उलटला तरी वाहत राहिली, तेव्हा बांध घालायचं ठरलं. लगेच माझा मुलगा म्हणतो, "आई, सिमेंटचा घालूया, दर वर्षाची कटकट नको." मी म्हटलं, "घाल. आणि मागे साठणारा गाळ दर वर्षी तू एकटा उपस. बांध म्हणजे भिंत न्हय." दोन हिवाळे सगळ्यांच्या पाठी मोडल्या होत्या, सिमेंट तिथेच राहिलं. खालचा म्हातारा तेवढा म्हणाला, "हिची सासू मेली तरी बोलताच."

बांध टिकला. पाणी पार शेवटच्या मळ्यापर्यंत गेलं. पाण्याची पाळी आमची की त्यांची यावरून दोन्ही वाडे तोंड दुखेपर्यंत भांडले, आणि घरी येताना मी एकटीच हसत होते. भात पिकलं. त्या तांदळाची पेज मी आधी तुझ्या फोटोपुढे ठेवली, मग वाया नको म्हणून मीच प्यायले.

मे महिन्यात पहिली कुदळ माझी. घाव घातला तर खण्‌कन आवाज, बांध जागचा हलेना. खालचा म्हातारा वाकला, हात घालून बघितलं. "वयनी, ह्यो फातर खंयचो?"

"वाहून आला असेल."

"पावसाबिगर?" असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप एकेक दगड काढून दिला. मग पाणी सुटलं, गाळ घेऊन, तुझ्या वेळेला सुटायचं तसं. पोरं नाचली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तवशाच्या काकडीचं बी राखेत कालवून याच्यात बांधून ठेवते, घरात माझं अक्षर कोणाला लागत नाही ते बरं आहे. बांध घालताना सगळी पेजेला बसली होती तेव्हा तळाला दगड मीच ठेवले. तीन. तुझ्या शब्दावर घातलेला बांध मे महिन्याआधीच फुटला असता तर लोक तुला हसले असते, आणि तुला हसायचा हक्क घरात माझा एकटीचा. दगड काठावरच्या केवड्यात लपवलेत. पुढच्या बांधाला लागतील.