भूमिकाच्या मागच्या सीटवरून

माझी धाकटी बहीण हौसा हिला धाऊदादाचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? पाव्हण्यांचा खोकला थांबला का, की रात्री ताक पिण्याचा हट्ट अजून चालूच आहे? आमच्याकडे सर्व खुशाल. (म्हणजे दोन दिवस अबोला होता, पण आता सगळे एका पंगतीत जेवतात.) फोन का केला नाही म्हणशील. तर फोनवर मी जरा रंगात आलो की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला ती सोय नाही. चौथीत गुरुजी कविता म्हणायला लावायचे तेव्हा शेवटच्या ओळीशिवाय खाली बसता येत नसे, तसं हे शेवटपर्यंत वाच.

आमची भूमिका अठराची झाली. साईनाथचं म्हणणं, पोरगी सदा फोनमध्ये डोकं घालून बसते. तिचं म्हणणं, बाबा स्वतः जेवताना रील बघतो. (दोघांचंही खरं आहे.) त्यात तिला हवा होता गाडीचा परवाना, सारिकासूनबाईची स्कूटी घेऊन कॉलेजला एकटीने जायला. साईनाथ म्हणाला, "हायवेला ट्रक कसे येतात ते बघितलंस काय?" त्यावर ही म्हणाली, "मग मी म्हातारी होईपर्यंत हात धरून सोडायला ये." झालं, घरात वणवा. शेवटी तह ठरला: तिने रात्री नऊला फोन द्यायचा आणि बापाने परवान्याला नाही म्हणायचं नाही.

फोन ठेवायचा कुठे, हा मोठा प्रश्न. कपाटाची किल्ली तिला सापडते, आईच्या उशीखालची जागा तर तिला पाठच आहे. तेव्हा मी तांदळाची कणगी सुचवली. आपल्या आईच्या वेळेपासून हातपाय धुतल्याशिवाय, दिवा लावल्याशिवाय तिच्यात कुणी हात घातलेला नाही. आजच्या पोरी भुताला भीत नाहीत, पण त्या कणगीला भितात. साईनाथने पहिल्याच रात्री फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून तांदळात खुपसला आणि सुपाने झाकला. आम्ही सगळे मोठ्या समाधानाने झोपलो. तो सोमवार होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मंगळवारी कणगी उघडायची नाही, हे तुला मी काय सांगू? मंगळवारचे तांदूळ सोमवारीच काढून ठेवताना तू आईची किती बोलणी खाल्लीस! सकाळी भूमिका फोनशिवाय, धुसफुसत, गाडीच्या परीक्षेची तारीख घ्यायला शहापूरला गेली. तासाभराने तिने मैत्रिणीच्या, रुचिताच्या, फोनवरून मला हाक मारली. "आजा, माझ्या फोनवर ओटीपी आलाय. लवकर बघ ना रे! आज तारीख नाय भेटली तर पुढल्या महिन्यावर जाईल, आणि तोवर बाबाचं मन फिरेल."

कणगीतून खरंच घुंग घुंग आवाज येत होता. सूनबाई कणगीसमोर हात जोडून उभी. "मामंजी, मंगळवार हाय. मी नाय हात लावणार." मग मीच पाय धुतले, दिवा लावला आणि आईची क्षमा मागून सूप उचललं. आणि हौसा, तो जुन्या तांदळाचा वास आला गो! एकदम तू दिसलीस. सोळा वर्षांची, दोन वेण्या, बैलगाडीत भाताच्या गोण्या, आणि कासरा हातात घेऊन एकटी शहापूरच्या गिरणीवर निघालेली. साऱ्या आळीत तुझा केवढा रुबाब! आपले बाबा त्या दिवशी शेतावर गेले नव्हते, हे तुला आज सांगतो. तू वळणाआड गेलीस आणि ते बांधाबांधाने, करवंदीच्या जाळ्यांतून, तुझ्या गाडीमागे गिरणीपर्यंत चालत गेले. रात्री आई त्यांच्या पायातले काटे काढत होती आणि मला येत असलेली सगळ्यात मोठी कविता तिने मोठ्याने म्हणायला लावली होती, तुला बाबांचं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

"आजा! गेला तो ओटीपी! दुसरा मागवलाय!"

(बघ, एवढं आठवेपर्यंत सरकारी आकडे मरतात.) आता खरा घोळ असा की प्रत्येक मेसेजला फोन थरथरत होता आणि थरथरला की तांदळात आणखी खाली जात होता. खांद्यापर्यंत हात घातला, हाती लागेना. शेवटी कमरेपासून आत वाकलो, सूनबाईने माझं धोतर घट्ट धरलं, आणि तळाशी फोन सापडताच पिशवी काढून मी उलटा लटकूनच एकेक आकडा माझ्या स्पीकरवरच्या फोनकडे ओरडून वाचू लागलो. नाकात कोंडा, डोळ्यांत पाणी. कवितेच्या सवयीने दोन आकड्यांनंतर थांबून सूर लावला, तर तिकडून पोरगी ओरडली, "आजा, चाल नको लावू, नुसते सांग!" तारीख मिळाली. बाहेर येताना कणगी कलंडली आणि त्या मंगळवारी आमच्या कोंबड्यांनी दिवाळी केली.

पोरगी पास झाली, परवानाही आला. साईनाथची एकच अट: पहिली लांबची फेरी आत्याकडे, मुरबाडला, आणि मागे आजा बसलेला पाहिजे. तेव्हा या रविवारी आम्ही दोघं येतो. पत्र बरोबरच आणतो, तुला माझ्याच तोंडून ऐकता येईल. पाव्हण्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा,
धाऊदादा

ता. क. हे किन्हवलीच्या टपरीवर बसून लिहितोय. पोरगी पेट्रोल भरून येईपर्यंतच वेळ आहे. शहापूर सोडल्यापासून मी "हळू गो, वळण हाय गो" करत होतो आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होतो. ती एवढंच म्हणाली, "आजा, गाडी तू चालवतोस का मी?" हौसा, ती छान चालवते. पण मी मागे असेन तोवर ती माझीच गाडी चालवणार. म्हणून मी इथे उतरतोय. इथून पुढे सरळगाववरून ती एकटी येईल आणि हे पत्र तीच तुझ्या हातात देईल.

ता. ता. क. साईनाथचा फोन आला तर सांग, दादा आतल्या खोलीत लवंडलाय. आणि पोरगी उंबऱ्यात दिसली की पाणी द्यायच्याही आधी, तिच्या नकळत, मला एक मिस कॉल दे. तोवर या फोनवरून मी डोळा काढणार नाही. (एवढं तिला वाचून दाखवू नकोस. तिच्या फोनवर मर्यादा घालणाऱ्यांत मीही होतो.)