एकोणीस जूनचा पाठ

नेवासा,
११ डिसेंबर १९७२

प्रिय रंगू,

अक्षर पाहून दचकू नकोस, मीच लिहितो आहे. तीस वर्षं ज्याने पोरांच्या हातावर पट्टी मारून अक्षर घोटवून घेतलं, त्याच्याच ओळी आता उताराला लागल्या आहेत. सकाळी ओसरीवर ऊन आलं की दोन तास बरं दिसतं. तेवढ्या वेळात लिहायचं, म्हणून हे पत्र तीन दिवस चाललं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय, आणि ते लपवल्याची लाज मला आहेच.

इकडे सांगण्यासारखं काही नाही. प्रवरा कोरडी पडली. बाया पात्रात झरे खणून वाटीवाटीने हंडे भरतात. तुझी आई दुष्काळी कामावर तलावाच्या बांधावर माती टाकायला जाते. या वयात, आणि मी घरात बसून. बोलत काही नाही, पण भाकरी जरा जोरात थापते.

तू लग्न होऊन नगरला गेलीस त्या जानेवारीत आपलं ठरलं होतं, आठवतं? चर्चच्या मंडळीत वाटलेला शास्त्रवाचनाचा तक्ता एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तारखेसमोरचा पाठ रोज सकाळी चहाच्या आधी तू तिथे वाचायचा आणि मी इथे. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र पुरं व्हायचं. तू पत्रातून विचारायचीस, आप्पा, परवाचा पाठ कसा वाटला, आणि मी ऐटीत दोन पानं लिहायचो. आई म्हणायची, बापलेकीचं बोलनं देवाच्या पुस्तकातूनच व्हतंय, आमाला कोन इचारतंय! मला ते ऐकायला फार आवडायचं.

यंदा फेब्रुवारीत अक्षरं पुसट झाली. भिंग आणलं. एका दिवसाचा पाठ दोन दिवस पुरायला लागला, मग तीन. शहाण्याने मधली पानं सोडून आजची तारीख गाठली असती. पण मी पडलो मास्तर. धडा गाळून पुढे जाणं मला आयुष्यात जमलं नाही. मी मागे राहिलो आणि तुला कळू दिलं नाही. तुझ्या पत्रांना जुन्या वाचनाच्या आठवणीवर उत्तरं ठोकून देत राहिलो. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता.

मग एकोणीस जून आला. तुझ्या शमूला ताप आहे अशी तार मिळाली आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अकरा महिन्यांचं पोर. मी त्याला जेमतेम चार वेळा मांडीवर घेतलं होतं. संध्याकाळी कबरस्तानात तू माझ्याजवळ आलीस. रडत नव्हतीस. एवढंच विचारलंस, आप्पा, आजचा पाठ वाचलात का? मी हो म्हणालो.

रंगू, मी त्या दिवशी अजून एप्रिलच्या पाठांत होतो. त्या तारखेसमोर काय आहे, मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायला लाज वाटली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून वीस वर्षं मंडळीतल्या दर मातीला कबरीशी उभा राहून जे बोलत आलो तेच बोललो: देवाची ठेव होती, देवाने परत नेली, आपण कुरकुर करू नये. तू वळून चालायला लागलीस. त्यानंतर तुझं एकही पत्र नाही. जावईबापूंनी मात्र दोन ओळी कळवल्या, की ती आता वाचत नाही, तक्ता चुलीत घातला.

गेल्या गुरुवारी भिंग घेऊन मी एकोणीस जूनला पोचलो. ज्या माणसाची सगळी लेकरं एका दिवसात गेली, त्याची ती गोष्ट. पूर्वी कितीदा तरी भराभर वाचून टाकली होती. या वेळी एकेक शब्द लावत वाचली, आणि डोळ्यांपुढे तूच आलीस, तापलेल्या शमूला मांडीवर घेऊन तेच वाचणारी. तुला वाटलं असणार, आप्पांनीही सकाळी हेच वाचलंय, ते तरी आपल्याशी धड बोलतील. पोरी, ठेव परत नेली हे त्या माणसाने आपल्या तोंडाने म्हटलं होतं. त्याला ते दुसऱ्या कुणी ऐकवलं नव्हतं. त्याचे मित्र आले ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. पुढे ते बोलायला लागले आणि सगळं नासलं. संध्याकाळी मी हे तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने हातातलं काम थांबवलं आणि म्हणाली, मंग तुमी बी त्या दिसी गप बसायचं व्हतं.

तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. मी तुझ्याशी खोटं बोललो आणि वरून तुलाच उपदेश केला. मला क्षमा कर. तू पुन्हा वाचायला लाग, असं मी म्हणणार नाही. देवाशी तुझं भांडण आहे ते तुझं तू भांड, मी मध्ये पडत नाही. तुझ्या आईने मुकादमाकडून सात दिवस मागून घेतलेत. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, आम्ही तुझ्या पायरीवर बसू. कुणी विचारलं तर पाव्हणे आहोत म्हणून सांगू. शमूबद्दल तुला बोलायचं असेल तर मी ऐकेन, नसेल तर तसाच बसेन. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. या वेळी मी पाठ वाचून येतो आहे.

तुझाच,
आप्पा