पोटरीपर्यंत इंजिनिअर

३ नोव्हेंबर
रविवारी कारखान्यातल्या जुन्या दोस्तांची मोटारसायकल सहल. सगळ्यांत पुढे मी, असं ठरलंय. अट एकच : चालवणाऱ्याच्या पायात उंच बूट हवेत. मी इंजिनिअर बूट घेणार. लेस नाही, चेन नाही, उंच नळी आणि वर बक्कल. शिकून इंजिनिअर व्हायचं राहिलं. निदान पोटरीपर्यंत तरी होऊ.

४ नोव्हेंबर, सकाळी
खुर्चीत ऐसपैस बसून व्हर्नियरने पाय मोजला. आठ नंबर. ही म्हणाली, अहो, उभं राहून मोजा, वजन पडलं की पाय पसरतो. पाय म्हणजे काय सतरंजी आहे? जन्म लेथवर गेला माझा. मापातलं मला सांगते!

५ नोव्हेंबर
बूट घेतले. दुकानदार म्हणत होता, काका, संध्याकाळी या, दिवसभरात पाय फुगतो. गिऱ्हाइकाला खेपा घालायला लावायची युक्ती. मग नऊ नंबर पुढे केला. त्यात टाच जराशी उचलली जात होती. म्हणे, या बुटात सुरुवातीला उचलतेच. मी म्हटलं, लोखंडात कधी ढिलाई चालवली नाही, ती चामड्यात चालवू? आठच घेतला. पाय आत गेला. बोटांचं पुढे बघू.

६ नोव्हेंबर, दुपारी
घरातल्या घरात फिरलो. चालीत रुबाब आला. हिने विचारलं, तापलेल्या फरशीवर चालल्यासारखं काय करताय? हिला कौतुक सरळ करता येत नाही.

संध्याकाळी
बूट निघत नाहीत. घाई कुणाला आहे?

जरा वेळाने
हिने ओढून पाहिलं. बूट आला नाही, खुर्चीसकट मी आलो. शेवटी सूनबाईला बोलावलं. रोज मोटारसायकलवरून ऑफिसला जाते, मनगटात जोर आहे पोरीच्या. काढले. हसतही होती. सासऱ्यापुढे इतकं हसू नये.

७ नोव्हेंबर
पायाला फोड. सूनबाई म्हणाली, बाबा, मी नऊ नंबर बदलून आणते. खबरदार म्हटलं! दुकानदारापुढे नाक कापून घेऊ? चामडं सैल होतं. त्याला वेळ द्यावा लागतो. आजची रात्र पुरे.

८ नोव्हेंबर, पहाटे
चामड्याने वेळ घेतला नाही. पावडर लावली, साबण लावला, देवाचं नाव घेतलं. फोडाने सुजलेली टाच आत जाईना. बाहेर दोस्त हॉर्न वाजवताहेत. गाडी काढली नाही तर आयुष्यभर चिडवतील. सूनबाईने जाड मोजे चढवून बूट घालून पाहिले. उगाच, गंमत म्हणून. बेतून शिवल्यासारखे बसले.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
सहल झकास झाली. ठरल्याप्रमाणे सगळ्यांत पुढे माझीच गाडी. सूनबाईने चालवली. मागे बसणाऱ्याला चपला चालतात. वळणावळणाला मी मार्गदर्शन करत होतो. वाऱ्यामुळे तिला ऐकू गेलं नसावं. चहाला थांबलो तेव्हा दोस्त तिच्याभोवती जमून, पुढची सहल कुठे न्यायची ते तिलाच विचारत होते.

घरी आल्यावर हिने विचारलं, मग आता हे बूट कुणाचे म्हणायचे?
मी ठणकावून सांगितलं, माझेच. फक्त पाय तिचे.