गाऱ्हाण्याची टिचकी

१ फेब्रु. २००३
श्रीमत् सकलवाडीस्मृतिसंरक्षक, एकसंगणकाधिपती, विद्युद्विरहकातर, पोलादपूरप्रांतस्थ प्राथमिकशिक्षककुलावतंस अस्मादिकांनी आज ही रोजनिशी उघडली. प्रयोजन : कंटाळा.
वाडीच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाने वाडीस संगणक दिला आहे. पडद्यावर वाडीचे चित्र. ज्या घरावर माऊसची टिचकी मारावी, त्या घरातील वृद्ध हकिगत सांगू लागतो. घरे बोलती झाली. देऊळ तेवढे मुके.

८ फेब्रु.
देवाचे गाऱ्हाणे, त्यातील पूर्वजांच्या व शिवेच्या राखणदारांच्या नावांसह, एकट्या धोंडबा गुरवांस मुखोद्गत. पुत्र नाही. कंठात गाठ, लवकरच मुंबईस शस्त्रक्रिया. वाचा राहील असे डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रणाची विनंती केली.
"मास्तर, गाऱ्हानं घातलं का देव उभा ऱ्हातो. तुमी टिचकी मारलीत का तो येनार. रोज त्याला नारल कोन देनार, तुमचा मंडल?"
शास्त्रार्थात पराभूत. चहा घेऊन परतलो.

११ फेब्रु.
धोंडबा आपण होऊन आले. "घ्या. पन 'होय म्हाराजा' म्हनायला मानसं नसली तर पुढं बोलू नको म्हनावं त्या पेटीला."
अर्थात प्रत्येक नावानंतर यंत्राने थांबावे. होकार आल्यावर पुन्हा टिचकी. तथास्तु. मुद्रणसमयी होकार देणारा मी एकटा. घसा बसला. माझा.
(विनोद साधला नाही.)

२ मार्च
धोंडबा परतले. वाचा गेली. मी काहीबाही बोललो. हसले, ध्वनीविना.

१९ मार्च, शिमगा
संगणक देवळात. मंडळाच्या सेक्रेटरीने टिचकी मारली. धोंडबांचा आवाज घुमला. धोंडबा समोरच उभे. "होय म्हाराजा!" वाडी गर्जली. त्यांचे ओठ हलले, इतकेच. दुसऱ्या नावानंतर ते पुढे झाले, सेक्रेटरीचा हात सारला आणि अखेरपर्यंत टिचक्या स्वतः मारल्या. मग माऊस उपटून, उपरण्यात गुंडाळून, घरी.
"काका, ते मंडळाचं आहे!" सेक्रेटरी ओरडला.
"गाऱ्हान्याचा मान गुरवाचा. गप ऱ्हा रे," कोणी म्हातारा.

२४ मार्च
माऊसविना घरेही मुकी. मागावयास गेलो. धोंडबांच्या पत्नी पारूवहिनी दारातच, "देव्हाऱ्यात ठेवलाय. सकाली हातात धरून बसतात. नका मागू, मास्तर."
मागितला नाही. थकलो आहे. महाडास नवा मिळतो, परंतु त्याची पिन चपटी. आमच्या यंत्राचे छिद्र गोल. महाडचा दुकानदार म्हणतो, मधला जोड पोलादपुरास मिळेल. पोलादपूरचा म्हणतो, महाडास.